दहावी अधिक तीन अधिक तीन

"सर, डिप्लोमाला टाकलं तर पोराचं एक वर्ष जातंय की ओ?"

दहावीचा निकाल लागला की सोलापुरात हा प्रश्न दरवर्षी कुणी ना कुणी मला विचारतंच. विचारणारे वडील कधी यंत्रमागावर असतात, कधी चिंचोळीच्या एमआयडीसीत, कधी मोहोळकडे उसाच्या शेतात. कधी आई विचारते, पूर्व भागात घरी बसून विड्या वळणारी. मी कागद घेतो आणि त्यांच्यासमोर बेरीज मांडतो. दहावीनंतर अकरावी-बारावीची दोन वर्षं, मग इंजिनिअरिंगची चार, म्हणजे सहा. दहावीनंतर डिप्लोमाची तीन वर्षं, मग इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश आणि पुढची तीन, म्हणजे तीही सहाच. वर्ष जात नाही. उलट या वाटेवर मध्येच एक पक्की पायरी आहे. तीन वर्षांनी हातात पूर्ण पदविका असते आणि घरात अडचण आली तर तेवढ्यावर नोकरी धरता येते. बारावीच्या गुणपत्रिकेवर तसं थांबता येत नाही.

हिशेब ऐकून माणूस निर्धास्त होतो आणि निघून जातो. तीन वर्षांनी मात्र तोच मुलगा किंवा तीच मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात गणितात अडकून परत येते. म्हणून हा लेख. डिप्लोमाकडून डिग्रीकडे जाण्याचा रस्ता कसा चालतो, कुठे रुंद आहे आणि कुठे खचलेला, हे मी सावकाश सांगणार आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: प्रवेश मिळाला म्हणजे मूल पलीकडे पोचलं असं होत नाही. डिप्लोमाची शेवटची परीक्षा आणि डिग्रीची पहिली सत्र परीक्षा यांच्यातल्या सहा-सात महिन्यांत सगळं ठरतं, आणि नेमक्या त्याच महिन्यांत या मुलांजवळ कुणी नसतं.

अमेरिकेत अशा वाटेला कम्युनिटी कॉलेजची वाट म्हणतात. शिकागोजवळच्या जोलिएट गावात १९०१ साली असं पहिलं कॉलेज सुरू झालं. घराजवळ, कमी फीमध्ये दोन वर्षं शिकायचं आणि मग मोठ्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जायचं. तिथली जुनी तक्रार अशी की विद्यापीठं आधीचे सगळे क्रेडिट मान्य करत नाहीत, मुलांना काही विषय पुन्हा घ्यावे लागतात, वर्ष लांबतं. आपल्याकडे ही घासाघीस नाही. नियमाने अख्खा डिप्लोमा हा डिग्रीच्या पहिल्या वर्षाच्या जागी एकरकमी धरला जातो, आणि तो नियम राज्यभर सगळ्यांसाठी सारखाच. त्यांचा हिशेब जुळत नाही. आपला हिशेब जुळतो, पण धडे जुळत नाहीत. ही दुसरी अडचण कागदावर दिसत नाही, म्हणून ती जास्त फसवी.

आता वाट पाहू. तिचं खालचं टोक आयटीआयमध्ये आहे, हे पुष्कळ पालकांना माहीतच नसतं. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआयचा ट्रेड पूर्ण केलेल्या मुलाला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मागता येतो. म्हणजे आयटीआयची दोन, डिप्लोमाची दोन, डिग्रीची तीन, एकूण सात वर्षं. एक वर्ष जास्त जातं, पण दहावीला पंचेचाळीस टक्के मिळवून फिटर झालेला मुलगा या वाटेने इंजिनिअर होऊ शकतो. बारावी विज्ञान करून सीईटीत मागे पडलेल्यांनाही डिप्लोमाचं दुसरं वर्ष खुलं असतं. बी.एस्सी. झालेल्यांनाही इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा दरवाजा आहे, मात्र बारावीला गणित हवं, डिप्लोमावाल्यांच्या जागा भरल्यावर यांचा विचार होतो आणि पहिल्या वर्षातले ड्रॉइंग व मेकॅनिक्स हे विषय वेगळे पास व्हावे लागतात. बी.एस्सी. केलेल्यांना मी ही वाट सहसा सुचवत नाही. त्यांना एम.एस्सी. किंवा दोन वर्षांचं एमसीए जवळचं पडतं. औषधनिर्माणशास्त्रातही डी.फार्म.वरून बी.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. पण सोलापुरातली खरी गर्दी असते ती पॉलिटेक्निकमधून इंजिनिअरिंगला जाणाऱ्यांची, म्हणून पुढचं सगळं त्यांच्याबद्दल.

शहरात शासकीय पॉलिटेक्निक आहे, त्याशिवाय शहरात आणि तालुक्यांत खासगी पॉलिटेक्निक आहेत. या सगळ्यांची परीक्षा महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळ, म्हणजे एमएसबीटीई, घेतं. पुढे डिग्रीसाठी अशोक चौकातलं वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आहे, ते १९८३ पासूनचं. पंढरपूरजवळ गोपाळपूरला स्वेरीचं कॉलेज १९९८ मध्ये सुरू झालं, तुळजापूर रस्त्यावर तळे हिप्परग्याला ऑर्किड २००८ मध्ये. आणखीही आहेत. २००४ साली सोलापूरला स्वतःचं विद्यापीठ झालं, आजचं पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ. त्याआधी इथली कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे होती. ज्यांचे गुण वरचे असतात ती मुलं सांगलीचं वालचंद, कराडचं शासकीय, पुण्याचं सीओईपी किंवा मुंबईचं व्हीजेटीआय वर लिहितात. लिहावंच. पण सोलापुरात राहून शिकण्यात कमीपणा नाही. घरी राहिल्यावर वाचणारे मेसचे आणि खोलीभाड्याचे पैसे हा यंत्रमागावरच्या घरात फार मोठा आकडा असतो.

दुसऱ्या वर्षात जागा येतात कुठून? दोन ठिकाणांहून. एखाद्या शाखेला ६० जागा मंजूर असतील तर त्याच्या १० टक्के, म्हणजे ६ जागा, थेट दुसऱ्या वर्षासाठी वाढीव मिळतात. शिवाय मागच्या वर्षी पहिल्या वर्षाला जितक्या जागा रिकाम्या राहिल्या, त्याही यांना खुल्या होतात. समजा ५ रिकाम्या राहिल्या, तर एकूण ११. त्यामुळे कॉम्प्युटरला, जिथे पहिल्या वर्षीच सगळं भरतं, तिथे डिप्लोमावाल्यांना मोजक्याच जागा दिसतात आणि कट-ऑफ नव्वदीत जातो. सिव्हिल-मेकॅनिकलला ज्या वर्षी पहिल्या वर्षाची गर्दी ओसरते, त्याच्या पुढच्या वर्षी डिप्लोमावाल्यांना भरपूर जागा असतात. हे एकदा समजलं की मागच्या वर्षीचा कट-ऑफ पाहून छाती दडपून घ्यायचं कारण उरत नाही. मागच्या वर्षी पहिल्या वर्षाला किती जागा रिकाम्या राहिल्या, हे आधी विचारावं.

पात्रता सोपी आहे. डिप्लोमा किमान ४५ टक्क्यांनी पूर्ण पास, महाराष्ट्रातल्या राखीव प्रवर्गासाठी ४० टक्के. प्रवेश परीक्षा नाही. थेट दुसऱ्या वर्षासाठी सीईटी द्यावी लागत नाही, तरीही दरवर्षी कुणी तरी पोराला सीईटीच्या क्लासला घालतं आणि पैसे घालवतं. गुणवत्ता यादी लागते ती डिप्लोमाच्या अंतिम टक्केवारीवर. म्हणून तिसऱ्या वर्षात प्रोजेक्ट, तोंडी परीक्षा आणि प्रॅक्टिकलची वही यांना हलकं समजू नये. तिथले पाच-सहा गुण पुढे कॉलेज बदलतात. 'पूर्ण पास' या शब्दांकडेही लक्ष द्यावं. एक विषय राहिला तरी त्या वर्षीचा प्रवेश हुकतो, मग टक्केवारी कितीही असो. ज्या पॉलिटेक्निकमध्ये टक्क्यांऐवजी सीजीपीए देतात, तिथून टक्केवारीत रूपांतर केल्याचं पत्र आधीच आणून ठेवावं.

एमएसबीटीईची उन्हाळी परीक्षा संपते, निकाल लागतो आणि राज्याच्या सीईटी कक्षाची केंद्रीय प्रवेश प्रक्रिया सुरू होते. ऑनलाइन नोंदणी, कागदपत्रांची तपासणी, तात्पुरती गुणवत्ता यादी, तिच्यावर हरकती, अंतिम यादी, मग कॉलेज आणि शाखांचे पर्याय भरायचे, आणि एकामागून एक फेऱ्या. दरवर्षी फेऱ्यांचे बारीक नियम बदलतात, म्हणून त्या वर्षाची माहितीपुस्तिका मुलाने स्वतः वाचावी, सायबर कॅफेवाल्यावर सोडू नये. पर्याय कसे भरायचे हे मात्र बदलत नाही. संगणक गुणवत्ता यादीतल्या पहिल्या मुलापासून सुरुवात करतो. प्रत्येकाची पर्यायांची यादी वरून खाली वाचतो आणि जिथे जागा शिल्लक दिसते तिथे थांबतो. त्यामुळे अवघड कॉलेज वर लिहिल्याने खालचं कॉलेज हातचं जात नाही. 'वर लिहिलं आणि मिळालं नाही तर खालचंही जाईल' ही भीती खोटी आहे. खरी सावधगिरी दुसरीकडे हवी. पहिल्या क्रमांकाला जे लिहिलं तेच मिळालं, तर ते घ्यावंच लागतं, पुढच्या फेरीत थांबता येत नाही. तेव्हा पहिल्या ओळीत तेच लिहावं, जे मिळालं तर रात्री शांत झोप लागेल.

आता कागदपत्रं. यात मुलं जास्त हरतात, आणि ते गुणांनी हरण्यापेक्षा जास्त लागतं. हुशार मुलीला राखीव जागा मिळत नाही, कारण नॉन-क्रिमी लेयरची मुदत ३१ मार्चला संपलेली असते. मुलाचं जातप्रमाणपत्र असतं, पण पडताळणी समितीचं वैधता प्रमाणपत्र नसतं. अर्ज करायला जुलैत धावतात, तेव्हा सेतूवर रांग असते आणि समितीकडे ढीग. अक्कलकोट-दक्षिण सोलापूरच्या सीमेवरच्या घरांत आणखी एक अडचण येते. आजोळ कर्नाटकात, जन्म आजोळी, मुलगा वाढला मात्र इथे. त्याला डोमिसाइल वेळेत हवंच. उत्पन्नाचा दाखला, ईडब्ल्यूएसचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, आधारवरचं आणि गुणपत्रिकेवरचं नाव एकसारखं आहे ना, हे सगळं डिप्लोमाच्या तिसऱ्या वर्षाच्या दिवाळीतच बघावं. तेलुगू आडनावांची स्पेलिंग शाळेत एक, आधारवर दुसरी, असं पूर्व भागात घरोघरी सापडतं. ते दुरुस्त करायला आठवडे जातात. वैधता प्रमाणपत्र एकदा मिळालं की जन्मभर चालतं, म्हणून त्याचा अर्ज सगळ्यात आधी.

पैशांचं बघू. पहिली गोष्ट लक्षात ठेवावी: राज्य सरकारच्या फी सवलती केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून जागा घेतलेल्यांना मिळतात. एखादा एजंट 'फेऱ्या कशाला, मी मॅनेजमेंटमधून करून देतो' म्हणाला, तर तो तुमची सवलतही घालवतो आहे हे ओळखावं. खुल्या प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेतून निम्मी शिक्षण फी मिळते. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरातल्या मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. सोलापूरच्या मुलींसाठी हा निर्णय मोलाचा आहे. दोन मुलांची फी भरायची ऐपत नसली की मुलीचा डिप्लोमा झाला एवढंच पुरे समजायचं, असं अनेक घरांत चालत आलं होतं. आता फीचं कारण उरलेलं नाही आणि हे त्या घरांना कुणीतरी जाऊन सांगायला हवं. ट्यूशन फी वेव्हर स्कीम म्हणून प्रत्येक शाखेत पाच टक्के जागा असतात, त्यांत गुण जास्त लागतात पण शिक्षण फी नसते. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची, म्हणजे एआयसीटीईची, मुलींसाठी प्रगती शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ५० हजार रुपये. ती पहिल्या वर्षाला येणाऱ्या मुलींना मिळते तशी थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या मुलींनाही मागता येते. 'ती फक्त फर्स्ट इयरला' असं ऑफिसातल्या खिडकीवर कुणी सांगितलं तर नियम दाखवावा. दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी त्याच परिषदेची सक्षम शिष्यवृत्ती आहे. राज्याच्या योजनांचे अर्ज महाडीबीटीवर भरायचे असतात आणि बँक खातं आधारशी जोडलेलं नसेल तर मंजूर झालेले पैसेही अडकून राहतात.

इथवरची वाट शोधली की सापडते. आता खचलेला भाग.

डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाचं पहिलं सत्र म्हणजे तिसरं सत्र. त्यात बहुतेक शाखांना गणिताचा तिसरा पेपर असतो, पोरं त्याला 'एम थ्री' म्हणतात. बारावीवरून आलेल्यांनी तोवर अकरावी-बारावीचं गणित आणि पहिल्या वर्षाचे एम वन, एम टू असे दोन पेपर पार केलेले असतात. डिप्लोमावाल्याने पहिल्या सत्रात बेसिक मॅथेमॅटिक्स आणि दुसऱ्यात अप्लाइड मॅथेमॅटिक्स केलेलं असतं. त्यानंतर बहुतेक शाखांत गणिताचा पेपरच नसतो. म्हणजे दोन वर्षं तो गणिताला शिवलेलाही नसतो आणि अचानक समोर लाप्लास ट्रान्सफॉर्म येतं. कुणी त्याला मठ्ठ म्हणतं, तो स्वतःलाही तसंच समजू लागतो. मला याचा राग येतो, कारण यात त्याच्या बुद्धीचा काही संबंध नाही. जिन्याच्या काही पायऱ्या कुणी घातल्याच नाहीत आणि आपण त्याला 'चढत का नाहीस' विचारतो आहोत.

त्या पायऱ्या कोणत्या, तेही मोजून सांगता येतं. पहिली, पार्शल फ्रॅक्शन. लाप्लासमधून उत्तर परत काढताना एक मोठा अपूर्णांक फोडून लहान लहान अपूर्णांक करावे लागतात. वाटतं तेवढं हे गूढ नाही. एक षष्ठांश म्हणजे अर्ध्यातून एक तृतीयांश वजा. खाली दोन गुणिले तीन होतं, ते फुटून दोन वेगळे झाले. संख्यांच्या जागी अक्षरं घातली की तेच पार्शल फ्रॅक्शन. डिप्लोमाच्या पहिल्या सत्रात हे शिकलेलं असतं, फक्त गंजलेलं असतं. चार संध्याकाळी बसलं की चकाकतं. दुसरी पायरी, इंटिग्रेशन, त्यातही बाय पार्ट्स. फूरिए सिरीजचं निम्मं काम तेच आहे. हेही दुसऱ्या सत्रात झालेलं असतं.

खरी गैरहजर पायरी तिसरी, पार्शल डेरिव्हेटिव्ह. हे डिग्रीच्या पहिल्या वर्षात शिकवतात, डिप्लोमावाल्याने ते पाहिलेलंच नसतं. मी तव्याचं उदाहरण देतो. कडक भाकरीसाठी तवा तापवला, मध्ये ज्वाला, कडा थंड. तव्यावर बोट न लावता विचार करा: फक्त डावीकडून उजवीकडे सरकलं तर उष्णता किती बदलते? आणि फक्त खालून वर सरकलं तर? एका वेळी एकच दिशा, दुसरी धरून ठेवायची. एवढंच ते. या दोन बदलांना एकत्र जोडलं की उष्णता कोणत्या दिशेने सगळ्यात वेगाने वाढते ते कळतं. त्याला ग्रेडियंट म्हणतात आणि व्हेक्टर कॅल्क्युलस तिथून सुरू होतं. चौथी पायरी, डबल इंटिग्रल, म्हणजे रेषेवरची बेरीज पृष्ठभागावर नेणं. ग्रीन आणि स्टोक्स यांची प्रमेयं त्याशिवाय पाठच करावी लागतात. पाचवी, कॉम्प्लेक्स नंबर. झोपाळा झुलत झुलत थांबतो, त्याचं समीकरण सोडवताना मुळं कॉम्प्लेक्स येतात आणि त्यांच्यातूनच साइन-कोसाइन निघतात. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना याची ओळख असते, सिव्हिलवाल्यांना बहुधा नसते.

या पाच गोष्टींना मिळून साधारण तीस तास लागतात. माझा अनुभव असा आहे. तीस तास, रोज दीड तास धरला तर तीन आठवडे. ग्रेवालचं गणिताचं जाडजूड पुस्तक समोर ठेवून पान एकपासून सुरुवात करण्याची गरज नाही. तसं करणारी मुलं पन्नासाव्या पानावर हात टेकतात. त्या पाच प्रकरणांतली सोडवलेली उदाहरणं झाकून पुन्हा सोडवायची, एवढं पुरतं.

आणि या पायऱ्या घालून देणं हे माझ्या पदरचं औदार्य नाही, नियमातच आहे. कोणत्याही शाखेचा डिप्लोमा घेऊन इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात कोणत्याही शाखेला येण्याची मुभा देताना एआयसीटीईने सोबतच लिहिलं आहे की वेगवेगळ्या पार्श्वभूमीच्या विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठांनी गणित, भौतिकशास्त्र, ड्रॉइंग यांसारखे ब्रिज कोर्स द्यावेत. शाखा बदलणाऱ्यांना त्याची गरज तर दुप्पट. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून कॉम्प्युटरला आलेल्या मुलापुढे तिसऱ्या सत्रात डेटा स्ट्रक्चर्स येतं. ज्याने आयुष्यात एक प्रोग्रॅम लिहिलेला नाही त्याला लिंक्ड लिस्ट शिकवणं म्हणजे मुळाक्षरांआधी जोडाक्षरं. त्याने मे-जूनमध्ये सी किंवा पायथन हात बसेपर्यंत करावं.

यात भर पडते उशिराची. थेट दुसऱ्या वर्षाच्या फेऱ्या संपता संपता अनेकदा ऑगस्टचा शेवट किंवा सप्टेंबर उजाडतो. वर्गातल्या बाकीच्यांचं सत्र त्याआधीच सुरू झालेलं असतं. डिप्लोमाची मुलं आत येतात तेव्हा फळ्यावर दुसरं प्रकरण चालू असतं, प्रॅक्टिकलच्या बॅचेस पडलेल्या असतात, मैत्रीचे गट झालेले असतात. मग ही मुलं शेवटच्या बाकावर एकत्र बसतात. एका कॉलेजात मी स्वतः पाहिलं, हजेरीच्या यादीत त्यांची नावं दोन महिने पेन्सिलने लिहिलेली होती. लहान गोष्ट, पण मुलांना ती बरोबर वाचता येते. सत्राचा निकाल लागतो, एम थ्री राहतो, मग एटीकेटीचं ओझं चौथ्या सत्रावर, तिथून पाचव्यावर. जी मुलं डिग्री सोडतात त्यांतली पुष्कळशी या एका पेपरच्या घसरणीवरून गेलेली मी पाहिली आहेत.

याच मुलांकडे जे असतं ते मात्र कुणी मोजत नाही. त्यांनी तीन वर्षं वर्कशॉपमध्ये हात काळे केलेले असतात. लेथवर जॉब लावता येतो, मायक्रोमीटर वाचता येतो, सर्किटमधला दोष शोधता येतो. कंपनीत प्रशिक्षण घेतलेलं असतं. सोलापुरात प्रिसिजन कॅमशाफ्ट्ससारखा कारखाना आहे. तिथे जाऊन आलेल्या मुलाला 'टॉलरन्स' या शब्दाचा अर्थ पुस्तकातून शिकवावा लागत नाही. तिसऱ्या वर्षापासून, जेव्हा विषय यंत्राजवळ येतात, तेव्हा ही मुलं पुढे सरकतात. प्रोजेक्टच्या गटात सगळ्यांना तीच हवी असतात. शर्त एवढीच, की त्यांनी तिसरं आणि चौथं सत्र तरून जायला हवं.

इंग्रजीबद्दल दोन शब्द. सोलापूरच्या पॉलिटेक्निकमधली मुलं घरी तेलुगू, कन्नड, दखनी किंवा मराठी बोलतात. दहावी कुणाची मराठी माध्यमात, कुणाची सेमी. चार भाषा कानावर घेऊन वाढलेल्या मुलाला पाचवी जड जाऊ नये, पण जाते, कारण ती त्याला नेहमी परीक्षकाच्या तोंडून ऐकू येते. शिक्षकाने संकल्पना मराठीत सांगून इंग्रजी शब्द फळ्यावर लिहिला, तर मूल दोन्ही उचलतं. मराठीतून समजावणं म्हणजे पातळी खाली आणणं, असं मानणाऱ्यांशी माझं पटत नाही. देशात २०२१ पासून प्रादेशिक भाषांतून इंजिनिअरिंगला मान्यता आहे आणि पिंपरी चिंचवडच्या कॉलेजात कॉम्प्युटरची मराठी तुकडी निघाली. परीक्षा इंग्रजीत असली तरी समजणं मायबोलीतून होऊ द्यावं.

सगळ्यांनी डिग्री करावीच, असं मी म्हणत नाही. सार्वजनिक बांधकामातला कनिष्ठ अभियंता, रेल्वेतला ज्युनिअर इंजिनिअर, या जागांना डिप्लोमा चालतो. घरात आज पैसा लागत असेल तर नोकरी धरण्यात कमीपणा नाही. एमपीएससीची अभियांत्रिकी सेवा, गेट, एम.टेक., मोठ्या कंपन्यांतल्या डिझाइनच्या जागा, यांना मात्र डिग्री लागते. नोकरी धरलेल्यांसाठीही आता दार बंद राहिलेलं नाही. एआयसीटीईने नोकरी करणाऱ्या डिप्लोमाधारकांना सोयीच्या वेळेत डिग्री करता यावी म्हणून २०२३-२४ पासून वेगळी तरतूद केली आहे. आपल्या भागात ती कोणतं कॉलेज चालवतं हे विचारून घ्यावं. आणि ज्याला मध्येच शिक्षण थांबवावं लागतं त्याचे कमावलेले क्रेडिट ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये सात वर्षांपर्यंत जमा राहतात. खातं उघडलेलं नसेल तर आजच उघडावं.

मग मदत कुणी करायची? पॉलिटेक्निकच्या शिक्षकांनी तिसऱ्या वर्षाच्या दिवाळीत एक तास कागदपत्रांसाठी द्यावा, सगळ्या वर्गाला एकत्र बसवून. डिग्री कॉलेजांनी उशिरा येणाऱ्या तुकडीसाठी पहिले तीन आठवडे संध्याकाळी गणित घ्यावं, आणि ते घेणारा सगळ्यात चांगला शिक्षक असावा, सगळ्यात नवा नव्हे. गेल्या वर्षी थेट दुसऱ्या वर्षाला येऊन एम थ्री सुटलेल्या मुलामुलींना त्या वर्गात मदतनीस म्हणून बसवावं. शिक्षक सांगतो ते ऐकलं जातं, पण जी मुलगी मागच्या वर्षी याच बाकावर रडली होती ती सांगते त्यावर विश्वास बसतो. या कशालाही नवीन इमारत लागत नाही, मंजुरीही लागत नाही.

आणि ज्या मुलामुलींची डिप्लोमाची शेवटची परीक्षा या उन्हाळ्यात संपते आहे, त्यांना माझी विनंती. पेपर संपल्यावर आठ दिवस झोपा, सिद्धेश्वराला जाऊन या, हुरडा पार्टीचा मोसम नसला तरी मित्रांसोबत शेतावर जा. नवव्या दिवशी पहिल्या सत्राची गणिताची वही माळ्यावरून खाली काढा आणि पार्शल फ्रॅक्शनचं पान उघडा.